ग्रीक तत्त्वज्ञान, पुराणकथा आणि विज्ञान वाचायचे आहे. सुरुवात कोणत्या पुस्तकांपासून करावी?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: अभियांत्रिकी झाली, नोकरी लागली, आता प्राचीन ग्रीकांचे तत्त्वज्ञान, पुराणकथा आणि विज्ञान वाचायची इच्छा आहे, तिन्हींच्या तीन याद्या द्या, मराठीत काही असेल तर तेही सांगा आणि खर्च बेताचा राहू द्या.

याद्या तीन करू नका, एवढे आधी सांगते. मी शाळेत गणित शिकवते. युक्लिडमुळे या वाचनात शिरले आणि मागे मागे जात होमरपर्यंत पोचले. त्या वाटेवर एक गोष्ट पक्की समजली, की ग्रीकांकडे हे तीन विषय नव्हतेच. ज्यांना आपण तत्त्वज्ञ म्हणतो ते होमर आणि हेसिअड या कवींशी वाद घालत होते, आणि त्या वादातच ग्रहणे, भूकंप, आजार यांची कारणे शोधत होते. वेगवेगळ्या याद्या करून वाचले की हा वाद दिसेनासा होतो. मग हाती उरतात नुसत्या गोष्टी, नुसती सुभाषिते आणि 'कोणी काय शोधले' याचा तक्ता.

इंद्रधनुष्याचेच पाहा. होमरच्या 'इलियड'मध्ये आयरिस ही देवता देवांचा राजा झ्यूस याचा निरोप घेऊन ट्रॉयच्या रणभूमीवर उतरते. इंद्रधनुष्य ते तिचेच. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात जन्मलेला, कॉलोफॉन गावचा झेनोफनीस म्हणतो, लोक जिला आयरिस म्हणतात तोही एक ढगच आहे, जांभळा, लाल आणि हिरवट दिसणारा. इंद्रधनुष्याबद्दलच्या त्याच्या एवढ्या दोन ओळीच आज शिल्लक आहेत. पुढे ॲरिस्टॉटल 'मीटिऑरॉलॉजी'च्या तिसऱ्या भागात सूर्य, ढग आणि पाहणाऱ्याचा डोळा यांची आकृती मांडतो, बिंदूंना अक्षरे देतो, आणि इंद्रधनुष्य अर्धवर्तुळापेक्षा मोठे का दिसत नाही हे भूमितीने सिद्ध करायला बसतो. त्याचे उत्तर पूर्ण बरोबर नाही. किरण पाण्याच्या थेंबात शिरताना वाकतो आणि आत परावर्तित होतो, हे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत थिओडोरिकने आणि इराणात कमालुद्दीन फारिसीने, एकमेकांचे काम माहीत नसताना दाखवले. पण देवतेकडून ढगाकडे आणि ढगाकडून भूमितीकडे कसे जाता येते ते या तीन छोट्या उताऱ्यांत डोळ्यांसमोर घडते. म्हणून खालची पुस्तके मी विषयवार देत नाही, ज्या क्रमाने एक पुस्तक दुसऱ्याला उत्तर देते त्या क्रमाने देते.

सुरुवात 'ओडिसी'ने करा, 'इलियड'ने नको. 'इलियड' थोर आहेच, पण तिच्यात ट्रॉयचे युद्ध वाचकाला ठाऊक आहे असे धरलेले असते आणि दुसऱ्याच सर्गात जहाजांची लांबलचक यादी येते. तिथे नवा वाचक थकतो. 'ओडिसी' लहानही आहे, साधारण बारा हजार ओळींची. एमिली विल्सन यांचे २०१७चे इंग्रजी भाषांतर घ्या. मूळ काव्यात जितक्या ओळी तितक्याच त्यांनी ठेवल्या आहेत, आणि भाषा इतकी सरळ आहे की इंग्रजी माध्यमात न शिकलेल्यालाही अडत नाही. पद्याची सवय नसेल तर ई. व्ही. र्यू यांचे १९४६चे गद्य भाषांतर चालेल. 'पेंग्विन क्लासिक्स' ही मालिका त्याच पुस्तकाने सुरू झाली, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ते सापडण्यासारखे आहे.

त्यानंतर हेसिअड. देवांची वंशावळ सांगणारी त्याची 'थिऑगनी' हजारेक ओळींची आहे, सुट्टीच्या एका दुपारी वाचून होते. आकाशदेव युरेनस आपल्या मुलांना पृथ्वीच्या पोटातच कोंडतो, क्रोनस विळ्याने बापाला छाटतो, मग हाच क्रोनस स्वतःची मुले गिळत सुटतो, आणि झ्यूसच्या जागी त्याला कपड्यात गुंडाळलेला दगड दिला जातो. एम. एल. वेस्ट यांच्या ऑक्सफर्डच्या भाषांतरात सोबत 'वर्क्स अँड डेज'ही आहे, आणि ते मला जास्त जवळचे वाटते. भावाने हिस्सा लाटला, लाच खाणाऱ्या सरदारांनी त्याच्या बाजूने निवाडा दिला, म्हणून चिडलेला एक शेतकरी भावाला उपदेश करतो आहे. कृत्तिका उगवू लागल्या की कापणी, मावळू लागल्या की नांगरणी, असे त्याचे वेळापत्रक. मृग लागला की पेरणीचे बोलणे ज्यांच्या घरात होते त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. ग्रीक खगोलशास्त्राची सुरुवात मी इथून मानते, वेधशाळेतून नाही.

हेसिअड वाचलाच पाहिजे याचे खरे कारण मात्र पुढे प्लेटोत कळते. 'युथिफ्रो' या संवादात युथिफ्रो नावाचा माणूस स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला निघाला आहे. नातलग म्हणतात, हे पाप आहे. तो उत्तर देतो, झ्यूसनेही आपल्या बापाला बेड्या घातल्या आणि त्या बापानेही आपल्या बापाला छाटले होते, मग मी केले तर पाप कसे? सॉक्रेटिस त्याला विचारतो, हे खरेच घडले असे तुला वाटते का? 'थिऑगनी' वाचलेली असेल तर या प्रश्नाने अंगावर काटा येतो, कारण इथे अख्ख्या धर्मकथेला हात घातलेला आहे, आणि विचारणाऱ्यावर लवकरच देव न मानल्याचा खटला चालणार आहे. वाचलेली नसेल तर तेवढ्या ओळी तळटीप म्हणून निघून जातात.

दुसरे उदाहरण ॲफ्रोडाइटी या प्रेमदेवतेचे. 'इलियड'मध्ये ती झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी. हेसिअडमध्ये ती युरेनसच्या छाटलेल्या अवयवाभोवतीच्या समुद्रफेसातून जन्मते. प्लेटोच्या 'सिंपोजियम'मध्ये पॉसेनियस नेमका हाच फरक पकडतो आणि म्हणतो, ॲफ्रोडाइटी दोन आहेत, तेव्हा प्रेमही दोन प्रकारचे. रामकथेची अनेक रूपे ऐकत वाढलेल्या माणसाला यात गोंधळ वाटण्याचे कारण नाही. पण आज बाजारात ज्या सुबक पुनर्कथनांची चलती आहे त्यांत असे पाठभेद बहुधा पुसलेले असतात. स्टीफन फ्राय यांचे 'मिथॉस' किंवा एडिथ हॅमिल्टन यांचे १९४२चे 'मायथॉलॉजी' रात्री झोपताना वाचायला जरूर घ्या, त्यांनी नावे ओळखीची होतात. रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या 'द ग्रीक मिथ्स'मध्ये कथांचे धागेदोरे उत्तम गोळा केलेले आहेत, मात्र प्रत्येक कथेखाली त्यांनी लावलेला अर्थ पुराव्याने सिद्ध झालेला समजू नका. कोणती कथा कोणत्या ग्रंथात आहे हे शोधायचे असेल तर अपोलोडोरसच्या नावावर चालत आलेला 'लायब्ररी' हा प्राचीन संग्रह सर्वांत उपयोगी. आणि नार्सिसस, पिग्मॅलियन या कथा ज्या रूपात आपल्याला ठाऊक आहेत ते रूप ओव्हिड या रोमन कवीचे आहे, एवढे लक्षात असू द्या.

शोकांतिकांपैकी सोफोक्लीसचे 'ईडिपस' तरी वाचाच. ते मराठीतच वाचा: पु. ल. देशपांडे यांनी केलेले 'राजा ओयदिपौस' उपलब्ध आहे. सोफोक्लीसने शंभराहून अधिक नाटके लिहिली, पूर्ण अशी सातच उरली.

आता सॉक्रेटिसच्या आधीचे विचारवंत. इथे माझा जीव रमतो, म्हणून थोडे थांबते. यांच्यापैकी कोणाचाही ग्रंथ पूर्ण उरलेला नाही. नंतरच्या लेखकांनी उद्धृत केलेली वाक्ये आणि सांगोवांगीच्या नोंदी तेवढ्या आहेत. हेरमान डील्स या जर्मन पंडिताने त्या १९०३ साली एकत्र छापल्या आणि आजही याच तुकड्यांना त्याने लावलेल्या क्रमांकांनी ओळखतात. रॉबिन वॉटरफील्ड यांचे 'द फर्स्ट फिलॉसॉफर्स' घ्या. प्रत्येकाची ओळख चार-पाच पानांत आणि मग खुद्द तुकडे. अधिक खोलात जायचे झाल्यास कर्क, रेव्हन आणि स्कोफील्ड यांचे 'द प्रीसॉक्रॅटिक फिलॉसॉफर्स' आहे, पण ते पहिल्या वर्षी नको.

यात मिलेटस या एका शहरात काय झाले ते नीट वाचा. थेलिस म्हणाला, पृथ्वी पाण्यावर तरंगते. भूकंप म्हणजे समुद्रदेव पोसायडनचा कोप, असे मानणाऱ्या लोकांत हे बोलणे किती धीट होते! पण त्याच शहरातला, त्याच्या पाठोपाठचा ॲनॅक्सिमँडर म्हणाला, पृथ्वी कशावरच टेकलेली नाही. ती सगळ्यापासून सारख्या अंतरावर मधोमध आहे, एका बाजूला सरकण्याचे तिला कारण नाही, म्हणून ती जागच्या जागी आहे. एकही निरीक्षण हाताशी नसताना, निव्वळ 'एकीकडेच का, दुसरीकडे का नाही' या विचारावर माणसाने पृथ्वी अधांतरी ठेवली. हा युक्तिवाद वर्गात सांगितला की मुले गप्प होतात आणि मग एकदम सगळी बोलू लागतात. मागून आलेल्याने आधीच्याला खोडले तरी दोघांची नावे एका परंपरेत आदराने घेतली गेली, ही मला ग्रीकांची सर्वांत मोठी देणगी वाटते. झेनोफनीसचे आणखी एक प्रसिद्ध वचन याच पुस्तकात भेटेल: बैलांना, घोड्यांना, सिंहांना हात असते तर त्यांनी आपापल्यासारखेच देव काढले असते. एम्पेडोक्लीस आणि डेमॉक्रिटस सावकाश होतील. पार्मेनिडीस कळला नाही तर अडून बसू नका, पुढे जा.

प्लेटोसाठी एकच पुस्तक विकत घ्या: ग्रूब यांचे 'फाइव्ह डायलॉग्ज', हॅकेट प्रकाशनाचे. 'युथिफ्रो', 'अपॉलॉजी', 'क्रायटो', 'मेनो' आणि 'फीडो' एकत्र मिळतात. इ.स.पू. ३९९ साली अथेन्समध्ये झालेल्या खटल्यातले सॉक्रेटिसचे भाषण म्हणजे 'अपॉलॉजी'. गांधीजींनी १९०८ साली दक्षिण आफ्रिकेत त्याचा गुजराती सारांश 'इंडियन ओपिनियन'मध्ये छापला होता, आणि १९१० साली मुंबई सरकारने 'हिंद स्वराज'बरोबर त्या पुस्तिकेवरही बंदी घातली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा बचाव मुंबईतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना धोक्याचा वाटला, यावरून त्यात काय ताकद आहे ते समजा.

तुम्ही अभियंते आहात, म्हणून 'मेनो' कागद-पेन्सिल घेऊन वाचा. सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस काढून दाखवतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कोणत्या बाजूवर होईल? मुलगा म्हणतो, चार. होतात सोळा. मग म्हणतो, तीन. होतात नऊ. आठ काही येत नाहीत. मुलगा म्हणतो, मला खरेच माहीत नाही. सॉक्रेटिस तिथे थांबतो आणि मेनोला म्हणतो, बघ, आता याची प्रगती झाली. मग कर्ण काढला जातो आणि उत्तर मुलाच्याच तोंडून येते. हेच सत्य बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदी आखण्याचा नियम म्हणून येते: चौरसाच्या कर्णावरची दोरी दुप्पट भूमी देते. दोन्ही ठिकाणी गणित एकच, पण ते कशासाठी हवे आहे ते निराळे. 'मेनो'त त्यावरून शिकणे म्हणजे काय हा प्रश्न निघतो. शिकवण्याविषयी मी जे वाचले त्यात या चार-पाच पानांइतके मला कशानेच दिले नाही.

'रिपब्लिक' सहा महिन्यांनी घ्या. तोवर दुसऱ्या-तिसऱ्या भागात प्लेटो होमरच्या ओळी छाटायला का निघतो हे तुम्हाला न सांगता कळेल.

ॲरिस्टॉटल कोरडा वाटतो. आज आपल्या हाती आहेत ते बहुतांश शिकवण्यासाठी केलेले लेखन आहे, वाचकांसाठी सजवलेले ग्रंथ नव्हेत. 'मेटाफिजिक्स'ने सुरुवात करून अनेकांनी त्याला कायमचा नमस्कार केला आहे. तुम्ही 'पार्ट्स ऑफ ॲनिमल्स'च्या पहिल्या भागातले पाचवे प्रकरण आधी वाचा; तीन-चार पानांचे आहे. किळसवाण्या वाटणाऱ्या प्राण्यांचाही अभ्यास का करावा हे तो तिथे सांगतो, आणि हेराक्लिटसची आठवण देतो: भेटायला आलेले लोक त्याला स्वयंपाकघरात शेकत बसलेला पाहून दारात घुटमळले, तेव्हा तो म्हणाला, या आत, इथेही देव आहेत. देव, तत्त्वज्ञान आणि प्राणिशास्त्र एका परिच्छेदात आले ते असे. मग आर्मँड मारी लरॉय यांचे २०१४चे 'द लगून' घ्या. लेखक स्वतः जीवशास्त्रज्ञ आहेत आणि लेस्बॉस बेटावरच्या ज्या खाडीत ॲरिस्टॉटलने मासे पाहिले तिथे जाऊन त्यांनी लिहिले आहे. एका जातीच्या मुशीचे पिल्लू आईच्या गर्भाशयाला नाळेने जोडलेले असते, हे ॲरिस्टॉटलने नोंदवले होते. लोकांना ते पटले एकोणिसाव्या शतकात, योहानेस म्युलर यांनी पुन्हा तपासल्यावर. याच ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये काही माणसे जन्मतःच गुलाम असतात असे लिहिले आणि दुसऱ्या एका ग्रंथात स्त्रियांना दात कमी असतात असेही नोंदवले. ही पानेही वगळू नका. इतका बारीक पाहणारा माणूस समोरच्या माणसाकडे पाहताना का चुकला, हा विचार जातिव्यवस्थेत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी करायलाच हवा.

त्याचा सहकारी थिओफ्रॅस्टस वनस्पतींवर लिहितो. त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात फांद्यांवरून मुळे खाली सोडणाऱ्या भारतातल्या एका झाडाचे वर्णन आहे. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर आलेल्यांकडून मिळालेली ती माहिती. अथेन्समध्ये राहणाऱ्या माणसाने न पाहता केलेले आपल्या वडाचे वर्णन आवर्जून वाचा.

विज्ञानाचा सलग इतिहास हवा तर जी. ई. आर. लॉइड यांची दोन छोटी पुस्तके पुरेशी आहेत: 'अर्ली ग्रीक सायन्स' आणि 'ग्रीक सायन्स आफ्टर ॲरिस्टॉटल'. मूळ ग्रंथांत हिपॉक्रेटिसच्या नावावरचा 'द सेक्रेड डिसीज' पहिला. फेपरे हा देवाचा कोप मानला जाई. लेखक म्हणतो, तो इतर आजारांपेक्षा जरासुद्धा अधिक दैवी नाही, त्यालाही कारण आहे आणि ते मेंदूत आहे. मंत्र-ताईत देणाऱ्यांवर त्याने ओढलेले कोरडे आजही तितकेच लागू आहेत.

युक्लिडचे तेराच्या तेरा भाग वाचायला बसू नका. पहिला भाग, समभुज त्रिकोणापासून सत्तेचाळिसाव्या सिद्धान्तापर्यंत, हाताने आकृत्या काढत करा. तो सत्तेचाळिसावा म्हणजे आपण शाळेत पायथागोरसचा म्हणून शिकतो तो. नंतर नवव्या भागातला विसावा, मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे सांगणारा. भाषांतर हीथ यांचे. आर्किमिडीजचे 'सँड रेकनर' लहान आहे आणि मजेदार: सारे विश्व वाळूने भरले तर किती कण लागतील याचा तो हिशेब मांडतो, आणि उत्तर आजच्या भाषेत १ वर ६३ शून्ये यापलीकडे जात नाही. त्या ओघात तो सांगतो की ॲरिस्टार्कसच्या मते सूर्य स्थिर आहे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते. ॲरिस्टार्कसचे ते लेखन नाहीसे झाले. ही कल्पना त्याची होती याचा सर्वांत जुना आणि महत्त्वाचा पुरावा म्हणजे वाळूच्या हिशेबातले हे शब्द. पृथ्वीचा परीघ मोजणाऱ्या एराटोस्थेनिसचेही तसेच, मूळ लेखन उरलेले नाही. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी इजिप्तच्या दक्षिणेकडच्या सायीनी गावात सावली पडत नाही, अलेक्झांड्रियात मात्र वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कोन पडतो, दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडिया हे ग्रीकांचे अंतराचे माप), म्हणून पृथ्वीचा परीघ २,५०,०००. हे आपल्याला क्लिओमिडीस या नंतरच्या लेखकामुळे कळते. मे महिन्यात मुंबई-पुण्याला शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा दूरच्या मित्राला फोन करून हा प्रयोग तुम्हीही करू शकता.

एकच आधुनिक पुस्तक घ्यायची ऐपत असेल तर जो मर्चंट यांचे 'डीकोडिंग द हेवन्स' घ्या. १९०१ साली अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून वर आलेल्या कांस्ययंत्राची ती कथा आहे. त्याची तीस दंतचक्रे शिल्लक आहेत, आणि मागच्या एका तबकडीवर १९ वर्षांचे २३५ चांद्रमास मोजलेले आहेत. १९ला बारांनी गुणून पाहा: २२८ होतात, वरचे सात म्हणजे आपल्या पंचांगात १९ वर्षांत येणारे सात अधिकमास. चंद्र-सूर्याचा मेळ दोन्हीकडे एकच, तिथे तो दात्यांत कापलेला आहे.

एपिक्युरसचे मेनिसियसला लिहिलेले पत्र आणि एपिक्टीटसचे 'एनकायरीडियन' ही अगदी छोटी आहेत, कधीही वाचा. एपिक्टीटससारख्या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांच्या वचनांच्या ज्या दैनंदिन्या हल्ली निघतात त्यांच्याऐवजी हे मूळ घ्या, त्याहून स्वस्तच पडते.

मराठीत: विंदा करंदीकरांचे 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' १९५७ सालचे, आणि 'राजा ओयदिपौस'नंतर लगेच वाचावे असे, कारण ॲरिस्टॉटल तिथे पुन्हा पुन्हा याच नाटकाकडे वळतो. ग. ना. जोशी यांचा 'पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास' ग्रंथालयात मिळेल. मे. पुं. रेगे यांचे 'पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास' त्याहून सुरेख. रेग्यांचे मराठी गद्य वाचणे हेच एक शिक्षण आहे. परिभाषा अडली तर दे. द. वाडेकरांनी संपादलेला 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' आणि मराठी विश्वकोश. विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. प्लेटो-ॲरिस्टॉटलसाठी मात्र इंग्रजीला पर्याय धरू नका.

खर्चाचे म्हणाल तर 'ओडिसी', 'फाइव्ह डायलॉग्ज' आणि 'द फर्स्ट फिलॉसॉफर्स' एवढी तीनच विकत घ्या. बाकी प्राचीन ग्रंथांची जुनी भाषांतरे प्रोजेक्ट गुटेनबर्ग, इंटरनेट आर्काइव्ह आणि टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस ग्रंथालयात विनामूल्य आहेत. पीटर ॲडमसन यांचे तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरचे पॉडकास्टही फुकट आहे, लोकलमध्ये ऐकण्यासारखे. आणि पुस्तक कोणतेही असो, समासातले क्रमांक असलेलीच आवृत्ती निवडा. प्लेटोचे क्रमांक १५७८च्या आवृत्तीवरून आणि ॲरिस्टॉटलचे बेकरच्या १८३१च्या आवृत्तीवरून चालत आले आहेत. ते सगळ्या भाषांतरांत सारखे असतात. गुलाम मुलाचा प्रसंग 'मेनो'त ८२ ते ८५ या क्रमांकांत आहे, हेराक्लिटसचे स्वयंपाकघर 'पार्ट्स ऑफ ॲनिमल्स'च्या ६४५मध्ये, आणि युथिफ्रोचे झ्यूसवरचे बोलणे ५ आणि ६ मध्ये.